पांखरांचीं बिऱ्हाडें



मनुष्य घर कोणासाठीं बांधतो, असें कोणीं विचारलें तर आपण चटकन् उत्तर देऊं कीं, स्वतःसाठीं, मुलाबाळांसाठीं आणि फार तर आल्यागेल्या पाहुण्यासाठीं. परंतु जगाच्या पाठीवर एक शहर असें आहे कीं, तेथील पाथरवटांनीं व गवंड्यांनीं मोठमोठ्या इमारतींच्या भिंतींवर कित्येक पिढ्या चिमण्यांसाठीं, पारव्यांसाठीं आणि भिंगऱ्यांसाठीं निराळीं घरें बांधलीं. तींहि कशीं, तर दगडांत कोरलेलीं, खिडक्या, सज्जे, घुमट आणि मिनार यांनीं सजविलेलीं! तें शहर म्हणजे तुर्कस्तानांतील इस्तंबूल. या पक्षिगृहांची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें. ती केवळ परदेशची नवलकथा म्हणून सांगावी, असा माझा हेतु नाहीं. आजच्या शहरांतून चिमणी कां दूर जात आहे आणि तिला परत कसें बोलावतां येईल, या प्रश्नाचें निदान अर्धें उत्तर त्या जुन्या भिंतींवर आहे, असें मला वाटतें.

प्रथम नांवांपासून आरंभ करूं. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला शब्दाची फोड केल्यावांचून पुढें जाववत नाहीं, तेवढें आपण सहन करावें. तुर्की भाषेंत 'कुश' म्हणजे पक्षी आणि 'एव' म्हणजे घर. म्हणून साध्या पक्षिगृहाला 'कुश एवी' म्हणतात. त्यांतलें एखादें विशेष नक्षीदार असलें म्हणजे तें 'कुश कोश्कू', म्हणजे पांखरांची हवेली, होतें. आणि फारच थाटाचें असलें तर त्याला 'सेर्चे सराय', म्हणजे चिमण्यांचा राजवाडा, अशी पदवी मिळते. हा 'सराय' शब्द मूळ फारशी. तो तुर्कस्तानांत गेला आणि राजवाडा झाला. आपल्याकडे आला आणि वाटसरूची 'सराई' झाला. चिमण्यांच्या घराला दोन्ही अर्थ सारखेच शोभतात. बांधणी राजवाड्याची, आणि दार मात्र सराईप्रमाणें येईल त्या पांथस्थाला उघडें!

हीं घरें मुख्यतः दोन प्रकारचीं आढळतात. पहिला प्रकार अगदीं साधा. भिंत रचतांनाच दगडांच्या किंवा विटांच्या मध्यें एक पोकळी ठेवावयाची आणि तिच्या तोंडाशीं भोंक पाडलेली शिळा बसवावयाची. बाहेरून पाहणाऱ्याला भिंतीच्या सपाटींत एक-दोन लहान भोंकें तेवढीं दिसतात. आंत मात्र घरट्यापुरती ऐसपैस खोली असते. दुसरा प्रकार भिंतीच्या बाहेर आलेला. भिंतींतून पुढें काढलेल्या दगडांच्या आधारावर एक छोटी इमारतच उभी केलेली असते. तिला एक मजला असेल, दोन असतील. पुढें पांखराला उतरावयाला लहानसा सज्जा असेल. वर उतरतें छप्पर किंवा घुमट, आणि बाजूंना बोटाएवढे मिनार. लांकडाचींहि अशीं घरें करीत. पण लांकूड ऊन-पावसांत आणि आगींत टिकत नाहीं. म्हणून आज जीं उरलीं आहेत, तीं बहुतेक दगडाविटांचीं आहेत.

ही चाल सोळाव्या शतकापासून तरी चालत आलेली आहे. सुलतान सुलेमान याचा विख्यात वास्तुशिल्पी सिनान यानें इस्तंबूलच्या पश्चिमेस बुयुकचेकमेजे येथें बांधलेला लांबलचक दगडी पूल १५६७ च्या सुमारास पुरा झाला. त्या पुलावरील पक्षिगृह आज उरलेल्यांपैकीं अगदीं जुन्यांत गणलें जातें. परंतु या कलेला खरा बहर आला तो अठराव्या शतकांत. बॉस्फरस सामुद्रधुनीच्या आशियाकडील तीरावर उस्कुदार नांवाचा भाग आहे. तेथें सुलतान तिसरा अहमद यानें आपल्या आईच्या नांवानें बांधविलेली, १७१० सालीं पुरी झालेली 'येनी वालिदे' मशीद आहे. सुलतान तिसरा मुस्तफा यानें बांधविलेली, १७६१ सालीं पुरी झालेली 'अयाझ्मा' मशीद आहे. आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सुलतान तिसरा सेलीम यानें उभारलेली 'सेलिमिये' मशीद आहे. या तिन्ही मशिदींच्या भिंतींवर पांखरांचे वाडे आहेत, आणि अयाझ्माचे तर पाहात राहावे असे आहेत.

पलीकडे युरोपच्या तीरावर १७४५ सालीं बांधलेल्या सय्यद हसन पाशाच्या मदरशावर असाच एक सुंदर वाडा आहे. लालेली येथें तिसरा मुस्तफा याच्या कबरीच्या इमारतीवरहि एक आहे. तक्सिम चौकांत १७३२ सालीं बांधलेलें जें पाण्याच्या वांटणीचें घर आहे, त्याच्या दर्शनी भिंतीवरहि पांखरांची सोय आहे. 'तक्सिम' म्हणजे वांटणी. आपल्या जुन्या दप्तरांतील 'तक्षीम' ती हीच. शहराच्या पाण्याचा वांटा जेथें माणसांना मिळे, तेथेंच पांखरांनाहि जागेचा वांटा मिळाला! एवंच, देऊळमशीद म्हणून तेवढी दया दाखविली, अशांतला हा प्रकार नाहीं. पूल, पाठशाळा, पाण्याचें घर, कबर, जी सार्वजनिक इमारत उभी राहील तींत पांखरांचा हक्क धरलेला असे.

आतां या घरांच्या जागा कशा निवडलेल्या आहेत, तें पाहूं; कारण कारागिरांचें शहाणपण खरें तेथें दिसतें. घरें उंचावर आहेत. मांजराचा पंजा आणि व्रात्य पोराची काठी तेथें पोंचत नाहीं. तीं बहुधा छपराच्या वळचणीखालीं किंवा पुढें आलेल्या कंगोऱ्याखालीं आहेत, म्हणून पाऊस आंत शिरत नाहीं. इस्तंबूलचा हिवाळा कडक. तेव्हां उत्तरेचा बोचरा वारा लागणार नाहीं आणि ऊन मिळेल, अशी भिंत त्यांनीं निवडलेली असते. ज्यानें पांखरांकडे घटका घटका पाहिलें असेल, त्यालाच हें सुचेल.

इस्तंबूलची चिमणी आणि आपल्या ओसरीवर नाचणारी चिमणी या एकाच जातीच्या आहेत. ही चिमणी सहसा झाडाच्या फांदीवर उघड्यावर घरटें करीत नाहीं. तिला पोकळी लागते. कौलाखालची फट, तुळईमागचा कोनाडा, भिंतींतलें भोंक, आणि आपल्याकडे तर भिंतीवर टांगलेल्या तसबिरीची पाठ, असें कांहीं तरी तिला हवें असतें. त्या पोकळींत ती तीन ते पांच अंडीं घालते. सुमारें बारा दिवसांनीं पिलें बाहेर येतात आणि आणखी दोन आठवड्यांनीं उडून जातात. शिवाय तिला शेजार आवडतो; एकटीदुकटी चिमणी सुखी नसते. म्हणून एका वाड्यांत अनेक खोल्या, ही तुर्की कारागिरांची योजना चिमण्यांच्या स्वभावाला अगदीं जुळणारी होती. आपण ज्याला चाळ म्हणतों तशी ती चाळच. फक्त भाडें नाहीं.

कोणी विचारील, चिमणीला मिनारांचें आणि जाळीदार खिडक्यांचें काय होय? तिला भोंक आणि कोरडी जागा पुरे. हें अगदीं खरें. नक्षी चिमणीसाठीं नाहीं; ती रस्त्यानें जाणाऱ्यासाठीं आहे. साधें भोंक असतें तर कोणीं मान वर करून पाहिलें नसतें, आणि पुढच्या डागडुजीच्या वेळीं एखाद्या गवंड्यानें तें चुन्यानें बुजवूनहि टाकलें असतें. पण भिंतीवर चिमुकला राजवाडा दिसला कीं मूल थांबतें, आईला विचारतें, आणि त्या एका प्रश्नांतून दयेचा धडा पाठ न करतां पाठ होतो. सौंदर्य हें असें दुर्बळाच्या हक्काचें राखणदार होऊं शकतें, हें मला या घरांवरून उमगलें.

ही वृत्ति केवळ भिंतींपुरती नव्हती. इस्तंबूलच्या जुन्या स्मशानांतून पुष्कळशा कबरींच्या दगडांना लहान वाटीएवढे खळगे कोरलेले आहेत. पावसाचें पाणी त्यांत सांचावें आणि पांखरांनीं तें प्यावें, हा त्यांचा उद्देश. मेलेल्या माणसाच्या नांवानें तहानलेल्या जिवाला पाणी! मशिदीच्या दारांत पिंजऱ्यांतलीं पांखरें विकत घेऊन सोडून देण्याचीहि चाल होती. अशा पांखराला ते 'आझाद' केलेलें पांखरूं म्हणत. मात्र सोडण्यासाठीं विकत घेणारे निघाले म्हणजे विकण्यासाठीं धरणारेहि निघतात. म्हणून या चालीपेक्षां मला भिंतींतल्या घराची चाल अधिक विचाराची वाटते.

बुर्सा शहराची गोष्ट तर विशेषच. दरवर्षीं उन्हाळा सरतां सरतां युरोपांतील पांढरे करकोचे लाखोंच्या संख्येनें बॉस्फरस ओलांडून आफ्रिकेकडे जातात. त्यांतले कांहीं जखमी होतात, कांहीं थकून मागें राहतात. अशांची शुश्रूषा करण्यासाठीं बुर्सा येथें एकोणिसाव्या शतकांत एक आश्रयस्थान होतें. त्याचें नांव 'गुरबाहाने-इ-लक्लकान'. 'गुरबा' हें 'गरीब' या अरबी शब्दाचें अनेकवचन, आणि 'गरीब' याचा मूळ अर्थ परका, घरापासून दुरावलेला. 'लक्लक' म्हणजे करकोचा, चोंचीच्या आवाजावरून पडलेलें नांव. तेव्हां परमुलुखांत अडकलेल्या करकोच्यांचें घर, असा त्या नांवाचा अर्थ झाला. अहमद हाशीम या तुर्की साहित्यिकानें १९२८ सालीं आपल्या निबंधसंग्रहाला हेंच नांव दिलें.

अशा कामांना पैसा कोठून येई? त्याचें उत्तर 'वक्फ' या संस्थेंत आहे. एखादा सधन मनुष्य आपली जमीन किंवा दुकानें धर्मकार्यासाठीं कायमचीं लावून देई आणि त्यांच्या उत्पन्नांतून काय काय करावयाचें, तें लेखांत स्पष्ट लिहून ठेवी. अशा लेखांतून पशुपक्ष्यांच्या अन्नाचीहि तरतूद आढळते. देणारा मेला तरी दाणा बंद पडत नसे.

युरोपियन प्रवाशांना या साऱ्याचें मोठें आश्चर्य वाटे. बुस्बेक नांवाचा एक विद्वान फ्लेमिश गृहस्थ १५५४ ते १५६२ या काळांत हाब्सबुर्ग राजाचा वकील म्हणून सुलेमानच्या दरबारीं होता. त्यानें लॅटिन भाषेंत लिहिलेलीं पत्रें प्रसिद्ध आहेत. त्यांत तो एका व्हेनिसच्या सोनाराची गोष्ट सांगतो. या सोनाराला पक्षी धरण्याचा नाद. एकदां त्यानें कोकिळेएवढा, पण जबडा अचाट पसरणारा एक पक्षी धरला, आणि थट्टेखातर त्याचे पंख ताणून, तोंडांत काडी घालून, जिवंतपणींच त्याला आपल्या दाराच्या चौकटीवर अडकवून ठेवलें. येणारेजाणारे तुर्क थांबले. पक्षी हालतो आहे, जिवंत आहे, असें दिसतांच ते संतापले. त्यांनीं सोनाराला हांक मारून बाहेर काढलें, मानगूट धरून न्यायाधीशापुढें नेलें, आणि त्याच्या तळपायांवर छड्या बसण्याची वेळ आली. इतक्यांत व्हेनिसच्या वकिलाचा माणूस धांवत आला, म्हणून तो बचावला.

हीच गोष्ट फ्रान्सिस बेकन यानें आपल्या निबंधांच्या १६२५ सालच्या आवृत्तींत चांगुलपणाविषयीं लिहितांना उल्लेखिली आहे. पण तेथें सोनाराचा ख्रिस्ती पोर झाला आहे आणि छड्यांच्या जागीं दगड आले आहेत. गोष्टी प्रवासांत कशा बदलतात, याचें हें चांगलें उदाहरण आहे. परंतु मूळ मुद्दा बदललेला नाहीं. एका मुक्या पांखराची विटंबना हा त्या शहरांत रस्त्यावरच्या सामान्य माणसाला स्वतःचा अपमान वाटत असे.

येथें थांबलों तर मीं आपणांस अर्धेंच चित्र दाखविलें, असें होईल. याच इस्तंबूलमध्यें १९१० सालीं सरकारी हुकुमानें हजारों बेवारशी कुत्रीं पकडून मार्मारा समुद्रांतील एका ओसाड बेटावर नेऊन सोडण्यांत आलीं. अन्नपाण्यावांचून तीं तेथें तडफडून मेलीं. शतकानुशतकें ज्यांना गल्लीनें पोसलें, त्यांना एका हुकुमानें नाहींसें केलें. म्हणून कोणत्याहि समाजाबद्दल, तो जात्याच दयाळू आहे, असें म्हणून निश्चिंत राहतां येत नाहीं. मनांतली दया ऋतूप्रमाणें बदलते. जी दया दगडांत बांधली गेली आणि लेखांत नोंदली गेली, ती मात्र बांधणाऱ्याच्या मागेंहि काम करीत राहते. अयाझ्मा मशिदीच्या भिंतींवरील तें छोटें भोंक अडीचशें वर्षें उघडें आहे, तें कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाहीं म्हणून.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही कला मंदावली. पुढें शहर झपाट्यानें वाढलें. १९५० सालीं इस्तंबूलची वस्ती सुमारें दहा लाख होती; आज ती दीड कोटीच्या वर गेली आहे. लांकडी घरें आणि कौलारू छपरें जाऊन सिमेंटच्या, कांचेच्या गुळगुळीत भिंती आल्या. अशा भिंतींत माणसासाठीं सर्व कांहीं असतें, पण एक बोटभर फट नसते. आणि ही गत एकट्या इस्तंबूलची नाहीं. ब्रिटनमध्यें १९७० नंतरच्या दशकांपासून चिमण्यांची संख्या निम्म्याहून खालीं आली आणि २००२ सालीं चिमणीचें नांव तेथील चिंताजनक पक्ष्यांच्या तांबड्या यादींत चढलें. आपल्या देशांतील पक्ष्यांच्या स्थितीविषयीं २०२० सालीं जो अहवाल निघाला, त्यांत एकंदर देशांत चिमणी बरीचशी टिकून आहे, पण मुंबईसारख्या महानगरांतून ती घटत आहे, असें आढळलें. म्हणजे चिमणी नष्ट झालेली नाहीं. आपण बांधलेल्या नव्या शहरांतून ती बिऱ्हाड हलवून निघाली आहे.

तिच्या निघून जाण्याला कारण एकच नाहीं. घरट्याला जागा नाहीं, हें एक. पिलांना पहिले कांहीं दिवस मऊ किडे-अळ्या लागतात. दाण्यावर तीं वाढत नाहींत. कुंपणाचीं झुडपें गेलीं, फरसबंदी आली, औषधांचे फवारे आले, आणि किडे गेले, हें दुसरें. म्हणून नुसती पेटी टांगून कर्तव्य संपत नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. तुर्की मशिदींच्या भोंवतीं अंगण होतें, झाडें होतीं, हौद होता. त्या भिंतीवरचें घर त्या साऱ्या परिसराचा एक भाग होतें.

दाणे टाकण्यासंबंधीं दोन शब्द. २०२५ सालीं मुंबईंत कबुतरखान्यांवरून मोठा वाद झाला. लोकांच्या प्रकृतीला अपाय होतो, म्हणून महापालिकेनें दाणे टाकणें थांबविलें, आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें. त्या वादाचा निवाडा मी येथें करीत नाहीं. पण पोतीं रिकामीं करून एकाच पक्ष्याचे थवे वाढविणें आणि नाना जातींच्या पांखरांना राहावयाला जागा ठेवणें, या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिलीनें तात्काळ समाधान देणाऱ्याला मिळतें; दुसरीचा लाभ घेणाऱ्याला मिळतो. दाराचें माप ठरविलें कीं पाहुणाहि ठरतो. सव्वा इंच रुंदीच्या भोंकांतून चिमणी सुखानें जाते आणि कबुतर बाहेर राहतें.

आनंदाची गोष्ट ही कीं, जुना विचार नव्या वेषांत परत येत आहे. इंग्लंडमधील ब्रायटन या शहरानें २०२० सालापासून पांच मीटरांहून उंच नव्या इमारतींत पाकोळीसाठीं पोकळ वीट बसविण्याची अट घातली. पाकोळी हा पक्षी घरटें करण्यापुरताच कोठें टेकतो. एरवीं कित्येक पाकोळ्या दहा दहा महिने आकाशांतच काढतात, आणि मग वर्षानुवर्षें त्याच भोंकाकडे परत येतात. भोंक बुजलें कीं घर गेलें. ती पोकळ वीट म्हणजे तुर्की कारागिराची पहिल्या प्रकारची खोलीच होय. आपल्याकडे नाशिकच्या 'नेचर फॉरएव्हर सोसायटी' या संस्थेच्या पुढाकारानें २०१० सालापासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो, आणि घरोघर चिमण्यांच्या पेट्या लागूं लागल्या आहेत. हें स्तुत्य आहे. पण पेटी ही खिळ्यावर टांगलेली असते. रंग देतांना ती उतरवितात, आणि पुष्कळदां ती पुन्हां चढत नाहीं. वीट भिंतीची असते. तिला उतरवितां येत नाहीं.

म्हणून जे कोणी आतां घर बांधीत असतील, किंवा ज्यांची सोसायटी जुनी इमारत पाडून नवी उभारीत असेल, त्यांना माझी विनंति आहे. नकाशा कागदावर आहे तोंवरच वळचणीखालीं चार पोकळ विटांची जागा मागून घ्या. एकदां भिंत उभी राहिली म्हणजे ती मागण्याची वेळ जाते. इस्तंबूलच्या थंडींत कारागिरांनीं ऊन शोधलें. आपल्या उन्हाळ्यांत पश्चिमेच्या उन्हापासून आडोसा शोधावा. नक्कल त्यांच्या भिंतीची करूं नये, त्यांच्या नजरेची करावी. अंगणांत एखादें दाट देशी झुडूप, एक उथळ पाण्याचें भांडें, आणि फवाऱ्याचा हात थोडा आंखडता, एवढें त्याच्या जोडीला असलें म्हणजे पुरे. आणि जमलें तर त्या विटेच्या तोंडाशीं एखादी लहानशी नक्षी अवश्य करावी. म्हणजे नातवंडें विचारतील आणि पुढचा गवंडी तें भोंक बुजविणार नाहीं.

आपल्या नगरपालिका इमारतीला परवानगी देतांना जिन्याची रुंदी पाहतात, सांडपाण्याची वाट पाहतात. त्या यादींत एक ओळ पांखरांसाठीं वाढली तर कोणाचें फारसें खर्चाचें होणार नाहीं. अठराव्या शतकांतील पाथरवटाला जें ओझें वाटलें नाहीं, तें आपणांस कां वाटावें?